परदेशातले आयरिश नाव : उच्चार, इतिहास आणि कायदा

नीव्ह, ईफा, शिव्हॉन, टाइग, सीर्शा. कानाला ही नावे सोपी वाटतात. परंतु तीच रोमन लिपीत समोर आली, की इंग्रजीत वाढलेला माणूसही थबकतो. ‘नीव्ह’ हे नाव एन-आय-ए-एम-एच असे लिहितात, ‘शिव्हॉन’ एस-आय-ओ-बी-एच-ए-एन असे, तर ‘टाइग’ टी-ए-डी-एच-जी असे. डब्लिन किंवा गॉल्वेच्या शाळेत ही हजेरी घेताना शिक्षक अडखळत नाहीत. न्यूयॉर्क, म्युनिक वा पॅरिसच्या शाळेत मात्र पहिल्याच दिवशी मुलाला स्वतःच्या नावाची शिकवणी घ्यावी लागते.

तरीही देशाबाहेर स्थायिक झालेली अनेक आयरिश कुटुंबे मुलांसाठी आवर्जून आयरिश नावच निवडतात. २०२२ च्या जनगणनेनुसार आयर्लंड प्रजासत्ताकाची लोकसंख्या सुमारे ५१ लाख आहे. एकट्या अमेरिकेत मात्र आपले मूळ आयरिश असल्याचे सांगणाऱ्यांची संख्या तीन कोटींहून अधिक आहे. भाषा दोन पिढ्यांत सुटते, घर विकले जाते, आडनावाचे रूप बदलते. मागे राहते ते मुलाला हाक मारायचे नाव. ते कोणते ठेवावे, कसे लिहावे आणि परक्या देशाचे निबंधक कार्यालय ते तसेच नोंदवून घेईल काय, हे प्रश्न म्हणूनच या कुटुंबांसाठी महत्त्वाचे ठरतात.

लेखन आणि उच्चार

आयरिश लेखन विचित्र भासते, कारण वाचणारा ते इंग्रजीच्या नियमांनी वाचू पाहतो. आयरिशचे स्वतःचे नियम आहेत आणि ते इंग्रजीपेक्षा अधिक शिस्तबद्ध आहेत. पारंपरिक आयरिश वर्णमालेत १८ अक्षरे असून जे, के, क्यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय आणि झेड ही अक्षरे तीत नाहीत. ‘व’ या ध्वनीसाठी स्वतंत्र अक्षर नसल्याने ‘बी’ किंवा ‘एम’ या अक्षराला ‘एच’ जोडून तो दाखवला जातो. पूर्वीच्या गेलिक वळणाच्या लिपीत या ‘एच’ऐवजी अक्षरावर टिंब दिले जाई. विसाव्या शतकाच्या मध्यास रोमन वळण रूढ झाले, टिंबाची जागा ‘एच’ने घेतली आणि शब्द डोळ्यांना अधिक लांब दिसू लागले. ‘नीव्ह’मधला शेवटचा ‘एम-एच’ म्हणजे हाच ‘व्ह’.

दुसरा नियम व्यंजनांच्या जोडीचा. आयरिशमध्ये बहुतेक व्यंजनांचे ‘रुंद’ आणि ‘अरुंद’ असे दोन उच्चार असतात व शेजारचा स्वर पाहून ते ओळखायचे असतात. ‘ई’ किंवा ‘आय’ शेजारी असेल तर ‘एस’चा उच्चार ‘श’ होतो. म्हणून ‘शॉन’ एस-ई-ए-एन असे लिहितात आणि ‘शिनेड’ची सुरुवातही ‘एस’ने होते. ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांतील ‘च’ एकच अक्षर असूनही वेगळा उच्चारणाऱ्या मराठी वाचकाला ही व्यवस्था फारशी परकी वाटू नये.

तिसरी बाब स्वरावरच्या तिरक्या रेघेची. तिला ‘फादा’ म्हणतात; शब्दाचा अर्थच ‘लांब’. मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत जो फरक ऱ्हस्व-दीर्घाने पडतो, तोच येथे फादामुळे पडतो. ‘शॉन’ या नावातील ‘ए’वरची रेघ काढली, तर उरलेल्या शब्दाचा अर्थ होतो ‘म्हातारा’ वा ‘जुना’. परदेशातील संगणक आणि अर्ज नेमकी हीच रेघ गाळतात.

उच्चार प्रांतागणिकही बदलतात. सी-ए-ओ-आय-एम-एच-ई हे मुलीचे नाव उत्तरेत ‘कीव्हा’, तर इतरत्र ‘क्वीव्हा’ असे ऐकू येते. ‘सीर्शा’चेही ‘सेर्शा’ आणि ‘सर्शा’ असे उच्चार प्रचलित आहेत. त्यामुळे ‘खरा’ उच्चार कोणता, या वादात न पडता आपल्या कुटुंबाच्या प्रांतातला उच्चार कायम ठेवणे अनेक पालक पसंत करतात.

नावे हिरावली गेली

आयरिश नावांमागचा आग्रह समजण्यासाठी इतिहासाकडे वळावे लागते. १३६६ च्या किलकेनी कायद्यांनी आयर्लंडमधील इंग्रज वसाहतकारांना आयरिश भाषा व आयरिश नावे वापरण्यास मनाई केली. १४६५ च्या कायद्याने डब्लिनच्या परिसरातील इंग्रजी अमलाखालच्या भागात राहणाऱ्या आयरिश लोकांना एखादे गाव, रंग, धंदा किंवा हुद्दा यांवरून इंग्रजी आडनाव घेण्यास फर्मावले. व्हाइट, ब्राउन, स्मिथ, कुक, बटलर ही उदाहरणे त्या कायद्यातच दिलेली होती.

पुढे सक्तीपेक्षा व्यवहाराने अधिक काम केले. १८३१ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय शाळांचे माध्यम इंग्रजी होते. १ जानेवारी १८६४ पासून सर्व जन्मांची सरकारी नोंद सुरू झाली, तीही इंग्रजीतून. चर्चच्या वह्यांत पाद्री लॅटिन किंवा इंग्रजी रूप लिहीत. घरात ‘टाइग’ म्हणून वाढलेला मुलगा कागदावर ‘टिमथी’ झाला. ‘डीरमिड’चा ‘जेरेमाया’, ‘कॉनर’चा ‘कॉर्नेलियस’, ‘ग्रॉन्या’ची ‘ग्रेस’ झाली. या जोड्यांत अर्थाचा संबंध बहुधा नव्हता; आद्याक्षर किंवा ध्वनी थोडासा जुळला, एवढे पुरेसे मानले गेले.

१९०५ मध्ये डोनेगल परगण्यातील नील मॅकब्राइड या कवीला आपल्या गाडीवर नाव आयरिश भाषेत रंगवल्याबद्दल दंड झाला. गाडीवर मालकाचे नाव वाचता येईल अशा अक्षरांत असावे, असा कायदा होता. आयरिश अक्षरे त्यात बसत नाहीत, असे ठरले. अपिलात त्यांची बाजू मांडणाऱ्या वकिलांत पॅट्रिक पिअर्स हे तरुण बॅरिस्टर होते. दंड कायम राहिला. ११ वर्षांनी डब्लिनच्या उठावाचे नेतृत्व केल्याबद्दल पिअर्स यांना गोळ्या घालण्यात आल्या.

हजार वर्षांचा प्रवास

आयरिश नावे देशाबाहेर नेण्याची परंपरा मात्र इंग्रजी अमलाहूनही जुनी आहे. वेल्समध्ये पाचव्या-सहाव्या शतकांत वसलेल्या आयरिश लोकांच्या स्मृतिशिला आजही आढळतात. ओगम या रेघांच्या लिपीत कोरलेल्या या शिलांवर बहुतांशी व्यक्तींची नावेच आहेत. काही शिलांवर तेच नाव शेजारी लॅटिन अक्षरांतही कोरले आहे. दोन समाजांत वावरणाऱ्या माणसाला नावाची दोन रूपे सांभाळावी लागत, याचा हा दगडी पुरावा होय.

आइसलँडमध्ये व्हायकिंग काळात अनेक आयरिश स्त्री-पुरुष गुलाम म्हणून नेले गेले. तेराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या ‘लाक्सडेला’ गाथेत मेलकोर्का या आयरिश राजकन्येची कथा येते. गुलाम म्हणून विकत घेतलेली ही स्त्री मुकी असल्याचे सारे समजत असतात. एके दिवशी ओढ्याकाठी ती आपल्या लहान मुलाशी तिच्या भाषेत बोलताना आढळते. हा मुलगा मोठा झाल्यावर स्वतःच्या मुलाचे नाव आईच्या वडिलांवरून ‘क्यार्तान’ असे ठेवतो. आयरिश ‘मुर्खर्ताख’ या नावाचे हे झिजलेले रूप. क्यार्तान, न्याल, कोर्माकुर ही आयरिश मुळाची नावे आइसलँडमध्ये आजही ठेवली जातात. ती परकी आहेत, असे तेथे कुणाला वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकातील स्थलांतराची कहाणी वेगळी आहे. १८४५ ते १८५२ च्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसे मरण पावली आणि त्याहून अधिक देशोधडीला लागली. अमेरिकेत पोहोचलेल्या असंख्य आयरिश तरुणी घरकामाला लागल्या. त्यांच्यात ‘ब्रिजेट’ हे नाव इतके होते, की कोणत्याही मोलकरणीला ‘ब्रिजेट’ किंवा ‘बिडी’ म्हणण्याची प्रथा पडली. आयर्लंडच्या थोर संत स्त्रीचे हे नाव. पण त्याला हिणवणुकीचा वास लागला आणि अमेरिकेत जन्मलेल्या मुलींना ते देणे पालक टाळू लागले. पुरुषांच्या बाबतीत ‘पॅडी’ आणि ‘मिक’ यांचे तेच झाले. ऑस्ट्रेलियात तर ‘शीला’ हा शब्द बोलीभाषेत कोणत्याही स्त्रीसाठी वापरला जाऊ लागला.

प्रतिष्ठा परत मिळाली

१८९३ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक लीगने भाषेबरोबर नावांच्या पुनरुज्जीवनाचीही चळवळ उभारली. तिचे पहिले अध्यक्ष डग्लस हाइड पुढे १९३८ मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. पॅट्रिक वुल्फ या धर्मोपदेशकाने आयरिश नावे व आडनावे यांचा कोश सिद्ध केला. त्याची विस्तृत आवृत्ती १९२३ मध्ये प्रसिद्ध झाली. जुन्या वीरकथांतील नीव्ह, ओशीन, ईफा, डीर्द्रा ही नावे पाळण्यापर्यंत पोहोचली. काही नावे तर नव्यानेच घडली. ‘सीर्शा’ म्हणजे स्वातंत्र्य. हा शब्द व्यक्तिनाम म्हणून रूढ झाला तो विसाव्या शतकात. ‘ॲशलिंग’ म्हणजे स्वप्न. तेही असेच अलीकडचे नाव.

स्थलांतरितांनीही स्वतःची भर घातली. ‘कॉलीन’ हे अमेरिकेतले लोकप्रिय ‘आयरिश’ नाव. आयरिश भाषेत त्याचा अर्थ केवळ ‘मुलगी’. ‘एरिन’ हे देशाचेच नाव, ‘शॅनन’ ही नदी, ‘रायन’ आणि ‘केली’ ही आडनावे. आयर्लंडमधील जुन्या पिढीला ही व्यक्तिनामे आहेत याचेच नवल वाटे. अमेरिकेत २०१७ पासून सलग काही वर्षे मुलांच्या नावांत पहिल्या क्रमांकावर राहिलेले ‘लिअम’ हे नावही ‘विल्यम’च्या आयरिश रूपाचा अर्धा भाग आहे. म्हणजे मूळ जर्मानिक, घडण आयरिश आणि लोकप्रियता अमेरिकी!

सीर्शा रोनन या अभिनेत्रीचा जन्म १९९४ मध्ये न्यूयॉर्क येथे आयरिश आई-वडिलांच्या पोटी झाला. बालपण आयर्लंडमध्ये गेले आणि कारकीर्द हॉलिवूडमध्ये घडली. डिसेंबर २०१७ मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकी कार्यक्रमात आपल्या नावाचा उच्चार शिकवणारे गमतीचे गाणेच तिने सादर केले. ज्या नावाला पूर्वी दडवले गेले असते, ते आता लोकांनी शिकून घ्यावे अशी अपेक्षा करता येते, हा बदल त्यातून दिसतो.

केव्हिनचे काय झाले?

सर्वच नावांचे नशीब असे नसते. सहाव्या शतकातील ग्लेन्डलॉकच्या संताचे ‘कीवीन’ हे नाव इंग्रजीत ‘केव्हिन’ झाले. १९९० मध्ये आलेल्या ‘होम अलोन’ या चित्रपटातील चिमुरड्या नायकाचे नाव केव्हिन होते. अभिनेता केव्हिन कॉस्टनरही त्याच सुमारास प्रसिद्धीच्या शिखरावर होता. १९९१ मध्ये फ्रान्समध्ये मुलांचे सर्वाधिक ठेवले गेलेले नाव केव्हिन होते आणि जर्मनीतही त्याची लाट आली. नंतर दोन्ही देशांत ते अल्पशिक्षित, कष्टकरी वर्गाचे नाव म्हणून हिणवले जाऊ लागले. २००९ मध्ये जर्मनीतील ओल्डेनबर्ग विद्यापीठातील एका प्रबंधात प्राथमिक शिक्षकांच्या मनांत विशिष्ट नावांविषयी असलेले पूर्वग्रह नोंदवले गेले. त्यात ‘केव्हिन’ हे वर्तनाच्या तक्रारींशी जोडले जाणारे नाव ठरले. जर्मनीत राहणाऱ्या आयरिश कुटुंबाने आजोबांचे नाव म्हणून ‘केव्हिन’ ठेवले, तर त्यामागची परंपरा वर्गशिक्षकाला ठाऊक असण्याचे कारण नाही.

देशोदेशींचे नियम

नावाच्या नोंदणीबाबत ब्रिटन उदार आहे. इतरत्र मात्र चौकशी आवश्यक ठरते. फ्रान्समध्ये १८०३ च्या कायद्याने संतांच्या दिनदर्शिकेतील व प्राचीन इतिहासातील नावांपुरतीच मुभा दिली होती. १९९३ मध्ये निवडीचे स्वातंत्र्य मिळाले. तथापि २०१४ च्या सरकारी परिपत्रकातील मान्य चिन्हांकित अक्षरांच्या यादीत फ्रेंच ‘ई’वरील तिरकी रेघ आहे, ए, आय, ओ आणि यू यांवरील आयरिश फादा नाही. ब्रिटनी प्रांतातील एका दांपत्याला ‘फान्श’ या ब्रेटन नावातील ‘एन’वरच्या चिन्हासाठी न्यायालयात जावे लागले. २०१७ मध्ये विरोधात गेलेला निकाल २०१८ मध्ये अपिलात त्यांच्या बाजूने लागला.

अर्जेंटिनात १९६९ च्या कायद्याने स्पॅनिश वळणाच्या नावांचा आग्रह धरला होता. २०१५ मध्ये लागू झालेल्या नव्या नागरी संहितेने तो संपवला. मेयो परगण्यात जन्मलेले आणि अर्जेंटिनाच्या नौदलाचे जनक मानले जाणारे विल्यम ब्राउन तेथे ‘गिल्येर्मो ब्राउन’ म्हणूनच ओळखले जातात. अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात १९८६ मध्ये इंग्रजी ही अधिकृत भाषा ठरल्यानंतर जन्मदाखल्यावर इंग्रजीची २६ अक्षरेच घेण्याची पद्धत पडली. ती बदलू पाहणारे विधेयक २०१७ मध्ये तत्कालीन गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी नाकारले.

पारपत्राचा प्रश्न सर्वांनाच भेडसावतो. यंत्राने वाचल्या जाणाऱ्या तळाच्या दोन ओळींत आंतरराष्ट्रीय नियमानुसार ए ते झेड ही साधी अक्षरेच चालतात. वरच्या भागात फादा असला, तरी खाली तो गळतो आणि विमानाचे तिकीट या खालच्या रूपाशी जुळवून काढावे लागते. खुद्द आयर्लंडमध्येही सरकारी संगणक फादा गाळत असल्याच्या तक्रारी होत्या. २०२१ च्या राजभाषा दुरुस्ती कायद्याने सार्वजनिक संस्थांवर तो नोंदवण्याची जबाबदारी टाकली.

आडनावांचा गोंधळ आणखी निराळा. ‘ओ’ म्हणजे वंशज आणि ‘मॅक’ म्हणजे पुत्र. आयरिश रूपात भावाचे आडनाव ‘ओ मुरखू’ असेल, तर अविवाहित बहिणीचे ‘नी वुरखू’ आणि पत्नीचे ‘ई वुरखू’ होते. इंग्रजीत हे सारे ‘मर्फी’च. परदेशी कार्यालयाला मात्र ही तीन वेगळी कुटुंबे वाटतात.

मराठीशी जुळणारे धागे

आयर्लंडमध्ये २०२२ च्या जनगणनेनुसार ४५ हजारांहून अधिक भारतीय नागरिक राहतात. दोन्ही समाजांत चालतील अशी नावे शोधणाऱ्या मिश्र कुटुंबांना काही योगायोग हाताशी लागतात. आयरिश ‘तारा’ हे मीथ परगण्यातील राजांच्या टेकडीचे नाव. आयरिश ‘शीला’ लॅटिन ‘सिसिलिया’वरून आली, संस्कृत शीलाशी तिचे नाते नाही. ‘नील’ हे ‘नीअल’चे इंग्रजी रूप. ‘कीरन’ म्हणजे लहानसा काळासावळा, आपला ‘किरण’ म्हणजे प्रकाशरेषा. ध्वनी जवळचे आणि अर्थ विरुद्ध! याच ‘किरण’ नावावरून जर्मनीत खटला झाला होता. भारतीय मूळ असलेल्या कुटुंबाने मुलीचे नाव ‘किरण’ ठेवले. ते मुलाचे की मुलीचे हे कळत नाही, म्हणून निबंधकाने ते नाकारले. ५ डिसेंबर २००८ रोजी तेथील घटनात्मक न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. नावावरून लिंग कळलेच पाहिजे असे बंधन कायद्यात नाही; मुलाच्या हिताला बाधा येत असेल तरच हस्तक्षेप करता येईल, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

जुन्या गेलिक समाजात संतांचे नाव थेट न घेता त्यांचा ‘सेवक’ म्हणवून घेण्याची रीत होती. ‘गिल्ला’ म्हणजे सेवक. ‘गिल्ला ब्रीडे’ म्हणजे ब्रिजेटचा दास. रामदास आणि कृष्णदास या नावांमागील भाव तोच. हाक मारताना नाव बदलण्याचेही साम्य आहे. मराठीत संबोधनात ‘राम’चा ‘रामा’ होतो, तसे आयरिशमध्ये ‘शेमस’ला हाक मारताना ‘अ हेमिश’ म्हणतात. स्कॉटलंडमधले ‘हेमिश’ हे नाव गेलिकमधील अशाच हाकेतून स्वतंत्र झाले.

आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील सिंधुदुर्गातील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, तर आई वॉटरफर्ड परगण्यातील. २०१७ मध्ये ते पंतप्रधान झाले आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी वराडला भेट दिली. गावाच्या नावाला ‘कर’ जोडून झालेले आडनाव आयरिश संसदेत आणि वृत्तपत्रांत जसेच्या तसे टिकले, ही नोंद मराठी वाचकांना सुखावणारी आहे. ऋतुजा, ज्ञानेश किंवा मृणाल ही नावे परदेशी शाळेत घेऊन जाणाऱ्या मराठी मुलांची अडचण नीव्ह आणि टाइग यांच्यापेक्षा फारशी वेगळी नाही.

नाव नोंदवण्यापूर्वी

- ज्या देशात जन्माची नोंद होणार, तेथे फादा स्वीकारला जातो काय, हे निबंधक कार्यालयाकडून आधीच विचारून घ्यावे. जन्मदाखला, पारपत्र आणि शाळेचा दाखला यांवर एकच रूप असणे हिताचे.

- मूळ लेखन ठेवावे, की उच्चाराप्रमाणे लिहावे, हे आई-वडिलांनी मिळून ठरवावे. ‘काटलीन’चे मूळ आयरिश लेखन इंग्रजी पद्धतीने वाचल्यामुळे अमेरिकेत ‘केटलिन’ हे वेगळेच नाव जन्मले. सोप्या लेखनाने उच्चार वाचतो, पण कोशातील व वंशावळीतील नावाशी दुवा तुटतो.

- राहत्या देशाच्या भाषेत त्या ध्वनीला काही वावगा अर्थ नाही ना, तसेच त्या नावाला तेथे कोणती सामाजिक ओळख चिकटली आहे, याची स्थानिक लोकांकडे चौकशी करावी.

- दुसरे, सर्वांना उच्चारता येईल असे मधले नाव दिल्यास मोठेपणी मुलाला निवडीची सोय राहते.

- नागरिकत्वासाठी नाव आयरिश असण्याची गरज नाही. आई किंवा वडील आयर्लंडमध्ये जन्मलेले आयरिश नागरिक असतील, तर परदेशात जन्मलेले मूल जन्मतःच नागरिक असते. आजी-आजोबांपैकी एखादे तेथे जन्मलेले असल्यास परदेशी जन्मनोंदवहीत नाव नोंदवून नागरिकत्व घेता येते.

- मुलाला नावाचा अर्थ आणि उच्चार लहानपणीच नीट शिकवावा. वर्गात चूक झाली, तर ती शांतपणे दुरुस्त करता येते हे त्याला कळले, की नाव बदलण्याची किंवा तोडून लहान करण्याची वेळ सहसा येत नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी शिक्षकांना उच्चार लिहून दिलेली चिठ्ठीही पुष्कळ काम करते.